जुन्या संगणकावरील ध्वनीचा बंदोबस्त : प्रस्तावना

१९८१ च्या ऑगस्ट महिन्यात आयबीएम कंपनीने जो वैयक्तिक संगणक बाजारात आणला, त्याच्या रचनेत ध्वनीसाठी म्हणून निराळी अशी तजवीज फारशी केलेली नव्हती. पेटीच्या आत बसविलेला एक लहानसा स्पीकर, कालमापक चिपच्या तीन वाहिन्यांपैकी त्याच्या वाट्याला आलेली तिसरी वाहिनी, आणि त्या वाहिनीचे स्पंद स्पीकरपर्यंत पोहोचू द्यावेत की अडवावेत हे ठरविणारे, ६१ क्रमांकाच्या पोर्टातले दोन बिट, एवढीच काय ती त्याची सामग्री. सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ ठोके देणाऱ्या घड्याळाला ज्या संख्येने भागावे तीवर स्वराची उंची अवलंबून असे; म्हणजे ४४० कंपनांचा स्वर हवा असल्यास २७१२ ही संख्या त्या चिपच्या हवाली करावयाची, आणि स्वर थांबवावयाचा झाला की ते दोन बिट मिटवावयाचे. एका वेळी एकच स्वर, तोही एकाच जोराचा. यंत्र सुरू झाल्याची वर्दी द्यावी आणि काही चुकल्यास वापरणाऱ्याला हटकावे, यापलीकडे त्या स्पीकरकडून त्याच्या कर्त्यांची अपेक्षाही नव्हती.

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय परस्परांपासून फार दूर असलेल्या दोन शहरांकडे जाते. कॅनडातील क्वेबेक येथे, पूर्वी संगीताचे प्राध्यापक असलेल्या मार्टिन प्रेव्हेल यांच्या ॲडलिब कंपनीने १९८७ साली यामाहाची वायएम३८१२ ही चिप बसविलेले एक कार्ड विक्रीस काढले. एका कंपनाने दुसऱ्याची वारंवारता वेगाने मागेपुढे हालवीत राहिले असता मूळच्या दोहोंत नसलेले समृद्ध नाद उत्पन्न होतात, हे या चिपमागचे तत्त्व अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चौनिंग यांना १९६७ साली गवसले होते, आणि ते वापरण्याचा परवाना पुढे यामाहाने त्या विद्यापीठाकडून मिळविला होता. एकाच वेळी नऊ स्वर काढणाऱ्या या कार्डाने संगणकाला संगीत दिले. माणसाचे बोलणे किंवा टाळ्यांचा कडकडाट मात्र त्याच्याने होण्यासारखा नव्हता. ते काम सिंगापूरच्या सिम वाँग हू यांनी स्थापिलेल्या क्रिएटिव्ह कंपनीच्या ‘साउंड ब्लास्टर’ने १९८९ मध्ये केले. त्यावर यामाहाची तीच चिप होती, त्यामुळे ॲडलिबसाठी लिहिलेले सारे प्रोग्रॅम त्यावर वाजत. शिवाय मुद्रित ध्वनी वाजविण्याची व टिपण्याची सोय होती, आणि जॉयस्टिकचे पोर्टही त्याच कार्डावर दिलेले होते. १९९२ मध्ये ॲडलिबचे दिवाळे निघाले, आणि त्याच वर्षी सोळा बिटांचे ‘साउंड ब्लास्टर १६’ बाजारात आले.

हा पूर्वेतिहास मुद्दाम सांगितला, कारण ज्या काळात ही कार्डे जन्मास आली त्या काळच्या डॉस या कार्यप्रणालीत ध्वनीचा ड्रायव्हर नावाची वस्तूच नव्हती, आणि ही एक गोष्ट ध्यानात न घेतल्यामुळे आजचा जिज्ञासू पहिल्याच पायरीवर अडखळतो. आज आपण ज्याला ड्रायव्हर म्हणतो तो कार्यप्रणाली आणि कार्ड यांच्यामधला मुखत्यार असतो: प्रोग्रॅमने कार्यप्रणालीकडे अर्ज करावा, तिने तो मुखत्याराकडे पाठवावा, आणि मुखत्याराने त्या विशिष्ट कार्डाला उमजेल अशा आज्ञांत तो उतरवावा. डॉसने कळफलक, पडदा, छपाई आणि डिस्क यांचा कारभार आपल्याकडे घेतला. ध्वनीचे खाते मात्र त्याने कधी उघडलेच नाही. त्यामुळे ज्या प्रोग्रॅमला आवाज काढावयाचा असे त्याला कार्डाशी थेट व्यवहार करावा लागे, आणि प्रत्येक खेळाच्या, प्रत्येक वादनाच्या प्रोग्रॅमच्या पोटात त्याचा स्वतःचा असा ड्रायव्हर लिहिलेला असे. दहा प्रोग्रॅम बसविले तर कार्ड कोठे आहे हे दहा वेळा सांगावे लागे. नऊ बोलते झाले आणि दहावा मुकाच राहिला, तर दोष कार्डाकडे असण्यापेक्षा त्या दहाव्याच्या सेटअपकडे असण्याचा संभव अधिक.

या व्यवस्थेचा दुसरा परिणाम व्यापाराला अधिक जाचक ठरला. मध्ये मुखत्यार नसल्यामुळे प्रोग्रॅम ज्या कार्डाला ओळखतो त्याच्याशीच तो बोलणार. म्हणून दुसऱ्या कोणत्याही कारखानदाराला आपले कार्ड खपवावयाचे तर त्याने साउंड ब्लास्टरच्याच पत्त्यावर बसून त्याच्याच भाषेत उत्तर देणे भाग पडले. ईएसएस, ऑप्टी यांसारख्या कंपन्यांच्या चिपांनी हेच केले. कॅनडाच्या ग्रॅव्हिस कंपनीचे १९९२ चे ‘अल्ट्रासाउंड’ स्वतःच्या स्मृतीत खऱ्या वाद्यांचे नमुने साठवून ते वाजवीत असे आणि नादाच्या शुद्धतेत पुष्कळ सरस होते. परंतु साउंड ब्लास्टरसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमसमोर त्याला वेगळा प्रोग्रॅम चढवून सोंग घ्यावे लागे, आणि ते सोंग सर्वत्र वठत नसे. गुणांत श्रेष्ठ असलेली ही वस्तू केवळ वहिवाटीपुढे मागे पडली, याची हळहळ मला आजही वाटते.

आता कार्डाला पत्ता असतो म्हणजे काय, हे पाहू. मदरबोर्डावरील आयसा जातीच्या स्लॉटात कार्ड बसविले की त्याला तीन हक्क लागतात: एक पोर्टाचा पत्ता, एक इंटरप्टची रेषा, आणि एक डीएमएची वाहिनी. पत्ता सहसा २२० हा असतो; हा आकडा सोळाच्या पायावर लिहिलेला आहे, आणि तेथून २२एफ पर्यंतची सोळा घरे कार्डाच्या ताब्यात जातात. संगीताची यामाहा चिप ३८८ या घरावरही उत्तर देते, वाद्ये जोडण्याच्या मिडी या व्यवस्थेसाठी ३३० आणि जॉयस्टिकसाठी २०१ ही घरे रूढ आहेत. पत्त्यावरून तंटे क्वचितच होतात.

इंटरप्टच्या बाबतीत मात्र चणचण मोठी. कार्डाला दिलेला ध्वनीचा तुकडा वाजवून संपला की ‘पुढचा द्या’ असे प्रोसेसरला कळविण्याची ही वाट. १९८४ च्या एटी यंत्रापासून अशा रेषा शून्यापासून पंधरापर्यंत सोळा झाल्या. परंतु शून्य घड्याळाची, एक कळफलकाची, दोन ही दुसऱ्या नियंत्रकाला जोडण्यात खर्ची पडलेली, तीन व चार सीरियल पोर्टांच्या, सहा फ्लॉपीची, आठ तारखेच्या घड्याळाची, तेरा गणिती सहप्रोसेसरची, चौदा हार्ड डिस्कची. पीएस-टू माउस असल्यास बारावी गेली, दुसरी आयडीई वाहिनी असल्यास पंधरावी गेली. आठ बिटांच्या आखूड स्लॉटातील कार्डाला दहाव्या क्रमांकापासून वरच्या रेषांपर्यंत पोहोचताच येत नाही, कारण त्या तारा स्लॉटाच्या वाढीव भागात आहेत. आणि या जातीच्या स्लॉटात एक रेषा दोघांनी भरवशाने वापरावी अशी सोय नाही. पहिल्या साउंड ब्लास्टरने सातवी रेषा धरली, जी छपाईच्या पहिल्या पोर्टाची. डॉसमधील छपाई सहसा या रेषेची वाट पाहत नसल्यामुळे दोघांचे निभावून जाई. पुढे पाचवी रेषा, जी दुसऱ्या छपाई-पोर्टासाठी राखलेली पण घरगुती यंत्रात बहुधा ओस पडलेली, ती साउंड कार्डाची रेषा म्हणून प्रस्थापित झाली.

डीएमए हा तिसरा हक्क सर्वांत कमी समजला जातो, म्हणून त्यावर थोडे अधिक थांबणे इष्ट. सीडीच्या दर्जाचा ध्वनी, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना सोळा बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन प्रवाह, एवढे वाजवावयाचे तर सेकंदाला १,७६,४०० बाइट कार्डाकडे रवाना व्हावे लागतात. प्रत्येक बाइट जर प्रोसेसर स्वतः उचलून देऊ लागला, तर त्या काळच्या यंत्रात चित्र हालविण्यास किंवा गणित करण्यास त्याला उसंत कोठून मिळणार? म्हणून रॅममधील ठरावीक भाग प्रोसेसरला न विचारता थेट कार्डाकडे वाहून नेणारी एक वेगळी यंत्रणा आहे, तीच डीएमए. शून्य ते तीन या आठ बिटांच्या वाहिन्या, पाच ते सात या सोळा बिटांच्या, चौथी दोन नियंत्रकांना जोडण्यात गेलेली, आणि दुसरी फ्लॉपीची. साउंड ब्लास्टर १६ ला म्हणूनच दोन वाहिन्या लागतात: आठ बिटांच्या ध्वनीसाठी बहुधा एक, आणि सोळा बिटांच्या ध्वनीसाठी बहुधा पाच. या नियंत्रकाची एक जुनी मर्यादा अशी की, आठ बिटांच्या वाहिनीवर एका खेपेचा माल ६५,५३६ बाइटांच्या पृष्ठाची हद्द ओलांडू शकत नाही. सेकंदाला २२,०५० नमुने या गतीने एवढा माल तीन सेकंदांच्या आतच संपतो. तेव्हा कितीही लांब भाषण वा गाणे असले तरी ते तुकड्यातुकड्यांनीच पुरवावे लागते, आणि एकेक तुकडा संपल्याची वर्दी देण्यासाठीच तो इंटरप्ट असतो.

या तिन्ही हक्कांची नोंद जेथे होते ती ऑटोएक्झेक.बॅट या फाइलमधील प्रसिद्ध ओळ म्हणजे ‘सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६’. ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे इंटरप्ट, डी आणि एच या धाकट्या व थोरल्या डीएमए वाहिन्या, पी मिडीचे पोर्ट, आणि टी कार्डाची जात. सहा म्हणजे साउंड ब्लास्टर १६. या ओळीविषयीचा गैरसमज इतका सार्वत्रिक आहे की, तो दूर करण्यासाठीच ही पुस्तिका लिहिली असे म्हटले तरी चालेल. पुष्कळजण समजतात की ही ओळ बदलली म्हणजे कार्ड बदलले. वास्तविक सातबाऱ्यावरची नोंद बदलल्याने जसा शेताचा बांध सरकत नाही, तसेच येथे आहे. ती ओळ प्रोग्रॅमने वाचावयाची असते. जंपर, म्हणजे पिना जोडणाऱ्या लहान टोप्या, बसविलेल्या कार्डाला तिची वार्ताही नसते. जंपर सातव्या रेषेवर असेल आणि ओळीत पाच लिहिले असेल, तर प्रोग्रॅम पाचव्या रेषेवर कान लावून बसेल आणि कार्ड सातव्या रेषेवर वर्दी देत राहील. पुढच्या काही कार्डांवर इंटरप्ट आणि डीएमए कार्डावरील मिक्सर-चिपच्या नोंदींतून ठरवावयाची सोय झाली, आणि तेथे ‘डायग्नोज’ हा प्रोग्रॅम ‘/एस’ ही खूण जोडून चालविला असता तो ब्लास्टरची ओळ वाचून तीच नेमणूक कार्डावर रुजू करतो. अशा यंत्रात ब्लास्टरची ओळ डायग्नोजच्या ओळीच्या आधीच आली पाहिजे. काही आरंभीचे खेळ तर ही ओळ वाचतही नाहीत. ते २२० आणि पाच किंवा सात एवढेच गृहीत धरून चालतात, आणि त्यांच्यासाठी कार्डच त्या जागी नेऊन बसविण्यावाचून गत्यंतर नाही.

बिघाडाचे निदान करताना अंदाजाने आकडे फिरवीत बसण्याची जी रीत रूढ झाली आहे, ती मला अत्यंत अनिष्ट वाटते. कारण ही यंत्रे आपली कैफियत बऱ्याच स्पष्टपणे मांडतात, फक्त ती ऐकून घेण्याचा धीर हवा. संगीत वाजते पण बोलणे किंवा स्फोटांचे आवाज येत नाहीत, असे झाले तर समजावे की कार्ड जागेवर आहे, तारा ठीक आहेत, स्पीकर जिवंत आहे. यामाहाच्या चिपला ना इंटरप्ट लागतो ना डीएमए, म्हणून ती वाजते, आणि मुद्रित ध्वनीला दोन्ही लागतात, म्हणून तो अडतो. ध्वनीचा पहिला तुकडा एकदा उमटून थांबला, किंवा तोच तुकडा अखंड घोळत राहिला, तर माल पोहोचतो आहे पण तो संपल्याची वर्दी पोहोचत नाही. येथे दोष इंटरप्टचा. नुसती खरखर आली, शांतता पसरली किंवा यंत्रच गोठले, तर डीएमएकडे पाहावे. आठ बिटांचा ध्वनी नीट आणि सोळा बिटांचा तेवढा बिघडलेला, असे आढळल्यास थोरल्या वाहिनीवर संशय घ्यावा. काही मदरबोर्डांवर ती नीट चालत नाही, आणि अशा वेळी एच ला डी चाच आकडा देऊन सारा माल धाकट्या वाहिनीने नेता येतो.

कार्ड त्या पत्त्यावर खरोखर आहे की नाही, हे प्रोग्रॅम कसे ओळखतो, ते जवळून पाहण्यासारखे आहे. तो प्रथम २२६ या घरात एक हा आकडा ठेवतो, निदान तीन मायक्रोसेकंद थांबतो, आणि मग तेथेच शून्य ठेवतो. ही कार्डाला पुन्हा आरंभापासून उभे राहण्याची आज्ञा. मग २२ई या घराचा सर्वांत वरचा बिट उजळण्याची तो वाट पाहतो, कारण उत्तर तयार असल्याची ती खूण. आणि उजळताच २२ए या घरातून एक बाइट उचलतो. तो बाइट दशमान पद्धतीतला १७० म्हणजे ‘एए’ निघाला, तर कार्ड हजर. या लहानशा जाबजबाबाच्या बळावर त्या काळच्या हजारो प्रोग्रॅमांनी आपला आवाज शोधला. ज्याला थोडेफार बेसिक किंवा सी येते त्याने हा प्रयोग स्वतः अवश्य करून पाहावा. नुसत्या आठदहा ओळींत आपल्याच यंत्राच्या अंतरंगाशी असा समक्ष संवाद घडल्याने जो विश्वास येतो, तो कोणत्याही सूचनापत्राने येत नाही.

स्मृतीचा प्रश्न या विषयाच्या कडेकडेने येतो. सीडी-रॉमचे, माउसचे आणि क्रिएटिव्हचे स्वतःचे ड्रायव्हर कॉन्फिग.सिसमधून चढविले की ६४० किलोबाइटांची मूळ जागा भराभर खर्ची पडते, आणि मग खेळ जागा अपुरी असल्याची तक्रार करतो. डिव्हाइसहाय आणि लोडहाय या आज्ञांनी ही मंडळी वरच्या जागेत हलवावीत. त्याचा तपशील स्वतंत्र प्रकरणात दिला आहे.

१९९२ च्या विंडोज ३.१ ने ध्वनीचे खाते अखेर उघडले. नियंत्रण-पटलातील ड्रायव्हर्सच्या खिडकीतून एकदा ड्रायव्हर चढविला, त्याला पत्ता, इंटरप्ट आणि डीएमए सांगितले, म्हणजे सिस्टम.इनी या फाइलमध्ये त्याची नोंद होई आणि विंडोजचा प्रत्येक प्रोग्रॅम त्याच मुखत्याराकडून काम करवून घेई. त्यानंतर आयसा कार्डांसाठी प्लग अँड प्ले ही योजना ठरली: कार्डाने आपली ओळख आणि आपल्या गरजा स्वतः सांगाव्यात, आणि वाटप यंत्राने करावे. १९९५ च्या विंडोजने ही योजना घराघरांत पोहोचविली. परंतु संक्रमणाच्या त्या काळातली यंत्रे आज सर्वांत दुर्घट ठरतात, कारण त्यांत जंपरांची जुनी कार्डे आणि आपण होऊन जागा मागणारी नवी कार्डे शेजारी शेजारी बसलेली असतात. नव्यांना मागता येते, जुन्यांना सांगता येत नाही. म्हणून बायोसच्या पटलात जाऊन जुन्या कार्डाची रेषा ‘लेगसी आयसा’ म्हणून राखून ठेवणे, ही पहिली खबरदारी. आणि याच यंत्रात शुद्ध डॉस चालवावयाचे असेल तर प्लग अँड प्ले कार्डाला जागे करण्यासाठी क्रिएटिव्हचा ‘सीटीसीएम’ हा प्रोग्रॅम चढविल्यावाचून ते कार्ड पुष्कळदा उत्तरच देत नाही. सुस्थितीतील कितीतरी कार्डे केवळ एवढ्यावरून निकामी समजून टाकून दिली जातात.

लिनक्सवर जुने कार्ड बसविणाऱ्यांनाही हेच तीन हक्क लागतात. ड्रायव्हर चढविणाऱ्या ‘मॉडप्रोब’ या आज्ञेच्या ओळीत साउंड ब्लास्टर १६ साठी ते पोर्ट, आयआरक्यू, डीएमए८ आणि डीएमए१६ या नावांनी द्यावयाचे. तेथे सर्व आकडे बरोबर असूनही शांतता राहिली, तर प्रथम अल्सा या लिनक्सच्या ध्वनिव्यवस्थेचा अल्सामिक्सर उघडून वाहिन्या मिटलेल्या नाहीत ना हे पाहावे, कारण अल्साची आरंभीची नेमणूक सर्व वाहिन्या मूक ठेवण्याची असते.

हे सारे मराठीत लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. आयसाचा स्लॉट आमच्या भाषेला परका नाही. डॉसच्या काळात देवनागरी पडद्यावर आणण्यासाठी जे जिस्ट कार्ड वापरीत, आणि ज्याचे काम पुण्याच्या सी-डॅकने पुढे चालविले, तेही संगणकाच्या पेटीत बसवावयाचे कार्डच होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून सुटे भाग आणून घरीच यंत्र जोडणारी एक संपूर्ण पिढी आपल्याकडे होऊन गेली, आणि तिने या विद्येचा बराचसा भाग हातांनी आत्मसात केला. तो मराठीत लिहून ठेवण्याचे मात्र फारसे कोणाच्या मनात आले नाही. आज ती यंत्रे माळ्यांवरून भंगारात जात आहेत. डॉसबॉक्ससारखे प्रोग्रॅम नव्या संगणकात जुन्या कार्डाची प्रतिमा उभी करतात, ही मोठीच सोय. पण त्यांच्याही नेमणुकीच्या फाइलीत २२०, सात, एक आणि पाच हेच आकडे लिहिलेले असतात, आणि ते कशाचे आहेत हे ज्याला ठाऊक नाही त्याला तेथेही अडावे लागते. शिवाय खऱ्या यंत्रावर खरे कार्ड वाजते करण्यात जो बोध आहे, म्हणजे मर्यादित साधने अनेकांत कशी वाटावयाची आणि त्या वाटपाची खरी नोंद कशी ठेवावयाची याचा जो प्रत्यक्ष पाठ आहे, तो प्रतिमेतून तितक्या पूर्णतेने मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुस्तिकेचे पहिले प्रकरण त्यामुळे कार्डाचे नाहीच. ते नोंदवहीचे आहे. कार्ड हाती घेण्यापूर्वी एका कोऱ्या पानावर इंटरप्टच्या सोळा रेषा आणि डीएमएच्या आठ वाहिन्या ओळीने मांडाव्यात, प्रत्येकीसमोर सध्याचा हक्कदार लिहावा, आणि डॉससोबत येणाऱ्या ‘एमएसडी’ या प्रोग्रॅमच्या यादीशी ते ताडून घ्यावे. मात्र त्या यादीवर सर्वस्वी विसंबू नये, कारण स्वस्थ बसलेले कार्ड तिला पुष्कळदा दिसत नाही. मग विजेची तार काढून, पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगची स्थिरविद्युत उतरवून, जंपर प्रत्यक्ष डोळ्यांनी वाचावेत. दुसऱ्या प्रकरणापासून डॉस, चौथ्यापासून विंडोज, आणि अखेरीस लिनक्स अशी मांडणी आहे. ग्रॅव्हिसचे अल्ट्रासाउंड आणि रोलँडची मिडी-यंत्रे यांची नेमणूक निराळ्या प्रकारची असल्यामुळे त्यांना परिशिष्टात जागा दिली आहे. ज्यांच्यापाशी ती नाहीत त्यांनी ते परिशिष्ट सोडून दिले तरी पुढचे वाचन अडणार नाही.